तळहातातली टोचणी

सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर जे वळवळत होतं, त्याला डॉ. हेमांगी खांबेटे आठ वर्षं ओळखत होती. केसाहून बारीक, पांढुरका, एका टोकाला दोन आकडे असलेला कृमी. आंबेखिंड जलाशयातल्या महसीर माशांच्या अंगावर चपट्या, मसुरीच्या डाळीएवढ्या उवा असतात आणि त्या उवांच्या पोटात हा कृमी बिऱ्हाड करतो. त्याच्यावर तिचे सात शोधनिबंध होते. पण आजचा नमुना उवेच्या पोटातून आलेला नव्हता, तो माणसाच्या तळहातातून आला होता.

"कुणाचा हात?" तिने भिंगावरून डोळा न काढता विचारलं.

"गोगटे हेडमास्तरांचा," इरफान म्हणाला. "अंगठ्याखाली गाठ आली म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी गाठ कापली, आत हे निघालं. आपल्याच तळ्याचा माल दिसतोय म्हणून त्यांनी आपल्याकडे पाठवलं."

डॉ. इरफान मुजावर मिरजेचा, मेंदूतल्या रसायनांचा तज्ज्ञ. चार महिन्यांपूर्वी तो या प्रयोगशाळेत आला तेव्हा माशांच्या प्रयोगशाळेत मेंदूवाल्याचं काय काम, असं जो तो विचारत होता. काम होतं. आंबेखिंडच्या माशांनी एक कोडं घातलं होतं आणि ते एकट्या हेमांगीला सुटत नव्हतं.

ते कोडं कळायला आधी गळकऱ्यांची ओळख हवी. हौसेखातर गळ टाकून मासे पकडणाऱ्या मंडळींना हेमांगीने दिलेलं हे नाव. पोटासाठी मासे धरणारे भोई वेगळे, हे वेगळे. हे शनिवार-रविवारी शहरातून येत, उंची काठ्या, चकचकीत चाकं आणि नाना रंगांची आमिषं घेऊन. चार तास उन्हात बसून एक महसीर धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. "मग धरलाच कशाला?" असं काठावरची गुरं राखणारी माणसं विचारायची आणि गळकरी हसून पुन्हा गळ टाकायचे.

आठ वर्षांपूर्वी हेमांगीने या हौशी मंडळींना विज्ञानाला जुंपलं. 'मोजा आणि सोडा' असं उपक्रमाचं नाव. मासा धरला की त्याच्या अंगावरच्या उवा मोजायच्या, काढायच्या, आकडा कळवायचा आणि मासा सोडायचा. अकराशे गळकरी तिने तयार केले. प्रत्येकाला नियमांचं प्लास्टिकचं कार्ड दिलं. त्यातला पहिला नियम तिने स्वतः, फार विचार करून लिहिला होता: मासा नेहमी ओल्या, उघड्या हाताने धरावा, हातमोजे वापरू नयेत. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. कोरड्या हाताने किंवा मोज्याने तो खरवडला जातो आणि मासा पुढे रोगाने मरतो. नियम बरोबर होता, आणि माशाच्या दयेपोटी केलेला होता.

"मॅडम, कोडं आठवा," इरफानने स्टूल जवळ ओढलं. "गळाला लागलेल्या शंभर माशांपैकी किती जणांवर उवा असतात?"

"आता नव्वदांवर. सुरुवातीला चारांवर होत्या."

"आणि भोयांच्या जाळ्यात सापडलेल्या माशांवर?"

"अजूनही चार-पाचच," हेमांगी म्हणाली. ही गोष्ट तिला पहिल्यांदा होडीवाल्या सोपान तारूने दाखवली होती. ते नाव मनात आलं तशी ती उठून खिडकीजवळच्या टाकीशी गेली. नमुन्याचे मासे ठेवायला जलाशयाचं पाणी भरलेली ती मोठी काचेची टाकी होती. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले. विचार करताना तिची ही सवय होती.

"म्हणजे तळ्यात लागण थोडीच आहे," इरफान म्हणाला. "पण लागण झालेला मासाच गळाला लागतो, कारण कृमी उवेच्या चाव्यातून त्याची भीती मारतो. न भिणारा मासा आमिषावर झेप घेतो. इथवर आपण आलो होतो. अडलं कुठे? मासा पकडून देण्यात कृमीचा फायदा काय, इथे. जाळ्यातला मासा कढईत जातो आणि कृमीही त्याच्यासोबत तळला जातो. पण गळकऱ्याचा मासा परत पाण्यात जातो. आणि त्याआधी दोन मिनिटं तो ओल्या, उघड्या हातात असतो."

"ऊ काढताना बोटाखाली चिरडते," हेमांगी सावकाश म्हणाली.

"आणि कृमी कातडीत शिरतो. हा माशावरच्या उवेत वाढतो, पण वयात येतो तो माणसाच्या हातात. मॅडम, तुम्ही नारू पाहिला असेल?"

"मी शाळेत असताना आमच्या गावी शेवटचा रोगी होता. पायातून दोरीसारखा जंत निघायचा. पायाची अशी आग व्हायची की माणूस विहिरीच्या पायरीवर पाय बुडवून बसायचा."

"आणि पाय पाण्यात गेला की नारू पाण्यात पिल्लं सोडायचा. आग तो त्यासाठीच करायचा. हाही तसाच आहे. हात पाण्यात गेला की अंडी सोडतो. फक्त हा पायात आग करत नाही, मॅडम. हा मनात करतो."

इरफानने मेंदूदर्शी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. गाठ पाहून इरफानने आधीच तपासायला बोलावलेल्या गोगटे मास्तरांच्या मेंदूचं चित्र होतं. आपण केलेली चूक आठवली की माणसाच्या मेंदूतला जो भाग जागा होतो, तो मास्तरांच्या डोक्यात सतत जागा होता, ते निवांत पडून असतानाही. कृमी रक्तात एक द्रव्य सोडत होता. इरफानने त्याला 'हळहळद्रव्य' असं नाव देऊन टाकलं होतं. हात जलाशयाच्या पाण्यात बुडवला की अंडी सुटायची आणि काही तास ते द्रव्य थांबायचं. नळाच्या पाण्याने काम भागत नव्हतं. कृमीला शेवाळाचा वास ओळखता येत होता.

"पण हळहळ कशाबद्दल?" हेमांगीने विचारलं.

"ते कृमीला काय कळतंय? तो नुसता टोचतो. कारण ज्याचं त्यानं शोधायचं. हातात तडफडणारा मासा असला की माणूस त्याच्याबद्दल हळहळतो आणि त्याला सोडतो. कृमीला तेवढंच हवंय, त्याचे उरलेले भाऊबंद त्या माशावर असतात. पण घरी गेल्यावर मासा नसतो आणि टोचणी असते. मग माणूस जुनी पापं उकरतो. नसली तर बनवतो. तीन आठवड्यांना एक पिढी धरली तर आठ वर्षांत जवळपास एकशे चाळीस पिढ्या झाल्या. ज्या कृमीनं जास्त टोचलं त्याचा वंश वाढला. वाण आपणच निवडलं, मॅडम."

'आपणच' हा शब्द त्याने सौजन्य म्हणून वापरला होता. चार महिन्यांपूर्वी आलेला माणूस त्यात कुठून येणार? तो रबरी मोजे घातल्याशिवाय माशाला हातही लावत नसे. नियम हेमांगीचा होता, त्याखाली सही तिची होती आणि अकराशे माणसांच्या हातांत कृमी पेरायचं काम तिने स्वतःच्या अक्षरात केलं होतं. तिने टाकीतले हात आणखी खोल घातले.

गेली तीन वर्षं तालुक्यात जे चाललं होतं त्याचा अर्थ आता लागत होता. गोगटे मास्तर, निवृत्तीनंतरचे पट्टीचे गळकरी, तीस वर्षांपूर्वी छड्या मारलेल्या विद्यार्थ्यांना शोधून शोधून माफीची पत्रं लिहीत होते. काठावरच्या हॉटेलमालकाने स्वतः उभारलेली भिंत स्वतः पाडून गावाची वाट मोकळी केली होती. विहिरीवरून वीस वर्षं भांडणारे दोन सख्खे भाऊ होते. ते आता चूक माझीच होती यावरून भांडत होते. वर्तमानपत्रांनी या भागाला पुण्यवान तालुका ठरवलं आणि दोन-तीन बुवांनी ते श्रेय आपापल्या पदरात पाडून घेतलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे मासा न खाता सोडून देणाऱ्यांना खवखवत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हेमांगीलाही हसू आलं असतं. पण सोपान तारू तुरुंगात होता.

सोपान गळकऱ्यांच्या मंडळाची होडी चालवायचा आणि गळाला लागलेले मासे हाताने सोडवायचा. पन्नाशीचा, काटक, पाण्याचा रंग बघून वारा सांगणारा. दोन वर्षांपूर्वी महिनाअखेरीच्या एका दुपारी त्याची होडी उलटली आणि मंडळाचे चिटणीस प्रभाकर दिघे बुडाले. दिघे गणिताचे शिक्षक होते, उवांचे आकडे सगळ्यांत नेटके तेच ठेवायचे. सोपानने त्यांना दोनदा धरलं, तिसऱ्यांदा हात निसटला. चौकशीत हेमांगी काय बोलायचं याचा विचार करत असतानाच पाच दिवस कोठडीत असलेल्या सोपानने आपणहून सांगून टाकलं: चूक माझी, मीच नेली होडी, मीच मारलं गुरुजींना. त्याला पाच वर्षांची सजा झाली. हेमांगीला त्या वेळी आश्चर्य वाटलं होतं आणि, हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, सुटल्यासारखंही वाटलं होतं.

कारण त्या दुपारी सोपान जायला तयार नव्हता. तीच म्हणाली होती, जा.

"कोठडीत जलाशयाचं पाणी कुठून मिळणार?" ती इरफानला म्हणाली. "पाच दिवस त्याच्या मनाची आग झाली असेल. माझ्याच नियमानं त्याच्या हातात कृमी गेला आणि कृमीनं त्याच्याकडून माझा गुन्हा कबूल करवून घेतला. दोन वर्षं तो तिथे जळतोय."

मग तिने इरफानला सगळं सांगितलं. वाऱ्याचं, महिन्याच्या मोजणीला सहा मासे कमी असल्याचं, आपल्या हट्टाचं. इरफानने हळूच विचारलं, "मॅडम, एवढं होतं तर दोन वर्षं तुम्ही गप्प कशा राहिलात? लागण तर तुम्हालाही असणार."

हेमांगीने टाकीत बुडालेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. दिवसातून दहा वेळा ती हे करत होती. विचार करायची सवय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. प्रत्येक टोचणी तिने या काचेच्या टाकीत बुडवली होती. तिने हात बाहेर काढले, टॉवेलला पुसले आणि त्यानंतर टाकीपाशी गेली नाही.

रक्तछाप चाचणीत तिच्या दोन्ही तळहातांत कृमी निघाले.

अहवाल चार दिवसांत तयार झाला. कृमीचं जीवनचक्र, हळहळद्रव्य, औषध. औषध सोपं होतं, जनावरांच्या जंतांवर देतात त्याच जातीच्या गोळ्या, एकवीस दिवस. अहवालाच्या शेवटी हेमांगीने एक वाक्य मुद्दाम, सोपानसाठी, ठळक अक्षरांत घातलं: लागण झालेल्या व्यक्तीचा कबुलीजबाब पुरावा म्हणून धरू नये. ते वाक्य लिहिताना तिला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

न्यायालयाने पटापट हालचाल केली. तालुक्यातल्या एकतीस कबुलीजबाबांची फेरतपासणी करायला निवृत्त न्यायमूर्ती ताम्हणकर यांचा एकसदस्य आयोग बसला. सोपानला तुरुंगाच्या दवाखान्यात औषध सुरू झालं. मात्र तो लगेच सुटला नाही. कबुलीजबाब बाजूला ठेवला तरी होडी त्याच्या ताब्यात होती. ती कुणाच्या सांगण्यावरून निघाली हे सिद्ध झालं तरच तो सुटणार होता, नाहीतर उरलेली तीन वर्षं त्याच्या नशिबी होती.

हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी हेमांगी आयोगासमोर जाऊन उभी राहिली. पाण्याला हात न लावल्याला बारा दिवस झाले होते. तिला अन्न जात नव्हतं. दिघ्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"न्यायमूर्ती, सोपान तारूला मी पाठवलं. तो नको म्हणत होता. मी लिहून द्यायला तयार आहे."

ताम्हणकरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बसा. आपली चाचणी झालीय?"

"झालीय. लागण आहे."

न्यायमूर्तींनी समोरच्या बाडातला अहवाल उघडला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "हे ठळक वाक्य कुणी लिहिलं?"

"मी."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा. काल एका गृहस्थानं बाहत्तरचा दुष्काळ आपल्यामुळे पडला असं कबूल केलं. तेव्हा त्यांचा जन्म झाला नव्हता. परवा एक बाई म्हणाल्या, सोपानला मीच पाठवलं होतं. बाई त्या दिवशी सोलापुरात होत्या. आता तुम्ही म्हणताय. तुमचं खरंही असेल. पण तुमच्याच शास्त्राप्रमाणे मला ते ओळखता येत नाही."

"माझं खरं आहे, हो!" ती जवळजवळ ओरडली.

"सगळे हेच म्हणतात," न्यायमूर्ती मवाळपणे म्हणाले. "औषध घ्या. एकवीस दिवसांनी सोपानची सुनावणी आहे, तेव्हा या. तेव्हाही हेच म्हणालात तर शब्दन् शब्द लिहून घेईन."

बाहेर आल्यावर तिने इरफानचा दंड धरला. "गोळ्या घेतल्यावर मी बदलेन. मास्तरांचं बघतोस ना?" गोगटे मास्तरांचा औषधाचा दुसरा आठवडा चालू होता. ते आता पोस्टात खेटे घालत होते, न पोचलेली पत्रं परत मिळतील का म्हणून. "मी नाही म्हणाले तरी मला आठवण कर. तोंडावर बोल. शपथ घे."

"शपथ कशाला, मॅडम? करेन," इरफान म्हणाला. तो साधा माणूस होता, शब्द पाळणारा.

पहिल्या आठवड्यात फार फरक पडला नाही. दहाव्या दिवशी तिला भूक लागली. बाराव्या दिवशी तिने कित्येक वर्षांनी माशाचं कालवण केलं, मिटक्या मारत खाल्लं आणि काटे बाजूला लावताना आपल्याला काहीच वाटत नाही हे तिच्या लक्षात आलं. छान झोप लागू लागली. त्या दुपारची आठवण पुसली गेली नव्हती. वारा, सोपानचा चेहरा, आपले शब्द, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ते आता दुसऱ्या कुणाच्या घरच्या सामानासारखं वाटत होतं. आणि त्याच्या शेजारी काही नवे विचार येऊन बसले होते, नीट, मुद्देसूद. सोपानचं आयुष्य गेलं तेवढं गेलंच आहे. आपण अडकलो तर प्रयोगशाळा बंद पडेल. औषधाचं काम अर्ध्यावर राहील. अकराशे माणसांचं काय? एका खऱ्यापायी इतकं नुकसान करणं शहाणपणाचं आहे का?

एकविसाव्या दिवशी चाचणी स्वच्छ आली.

आयोगाकडे जाताना गाडीत इरफानने आठवण केली. तोंडावर, स्पष्ट. "मॅडम, तुम्ही मला सांगितलं होतं की तुम्हीच पाठवलंत."

"बघू," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

सोपान आधीच येऊन बसला होता. निम्मा झाला होता. पण बसणं ताठ होतं. त्याचीही चाचणी स्वच्छ होती. न्यायमूर्तींनी खूण केल्यावर तो उठला.

"सायेब, आधी मी म्हनलो, माजीच चूक. तवा मला काय बी सुधरत न्हवतं. आता डोकं ठिकाणावर हाय. त्या दिशी वारं फिरलं हुतं. मी बाईंना म्हनलो, बाई, आज नगं. बाई म्हनल्या, सोपान, सहाच मासे कमी हायत, म्हयना संपला, अर्ध्या तासात जाऊन या. गुरुजी बी नगंच म्हनत हुते. पन बाईंचा सबूद, कसा मोडायचा?"

दिघ्यांच्या पत्नी मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून हेमांगीकडे पाहिलं.

"डॉ. खांबेटे," न्यायमूर्ती म्हणाले, "आता आपण निरोगी आहात. सांगा."

तिला वाटलं होतं की या क्षणी आत काहीतरी अडेल. काही अडलं नाही. "असं म्हटल्याचं मला आठवत नाही," ती म्हणाली. आवाज वर्गात शिकवताना असतो तसाच होता. "होडी काढायची की नाही हे नावाडी ठरवतो, असा आमचा लेखी नियम आहे. मी नियमाबाहेर कधी वागत नाही."

"मागे आपण माझ्यापुढे वेगळं म्हणाला होतात."

"तेव्हा मी आजारी होते."

इरफान उठून उभा राहिला. त्याने तिच्याकडून काय ऐकलं होतं ते त्याने सांगितलं. न्यायमूर्तींनी तारीख विचारली. ती लागण असतानाची निघाली आणि त्यांनी लेखणी खाली ठेवली. दोन निरोगी माणसं समोर होती, दोघांची विधानं एकमेकांविरुद्ध होती आणि तिसरा साक्षीदार पाण्यात गेला होता. निकाल आठ दिवसांनी देतो म्हणून ते उठले.

दारात सोपान तिच्यासमोर आला. बरोबर दोन शिपाई होते. तो रागावला असता तर उत्तर तिच्याजवळ तयार होतं. त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमची बी तब्येत सुदारली म्हना की."

त्यानंतर तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असताना तिला छातीत, बरगड्यांच्या मधोमध, काहीतरी बारीक टोचलं. तिने दुर्लक्ष केलं. दहाच्या सुमाराला पुन्हा टोचलं. दुपारी जेवताना घास तोंडातच राहिला, कारण सोपान 'सुदारली म्हना की' म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात टोमणा नव्हता हे तिला एकदम कळलं. त्याला खरंच तसं वाटलं होतं. बाई औषधाआधी खरं बोलत होत्या हे त्याने सुनावणीतच ऐकलं होतं आणि हिशोब बरोबर केला होता: आजारात खरं, बरं झाल्यावर खोटं.

ती ताट तसंच टाकून टाकीपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात बुडवले. पाच मिनिटं थांबली. दहा थांबली. टोचणी हलली नाही.

"इरफान!" तिने हाक मारली. तिच्या आवाजात चक्क आनंद होता. "अरे, परत लागण झाली. बहुतेक नवीन वाण आहे, पाण्यालाही दाद देत नाही. चाचणी कर, लवकर कर."

त्याने उजव्या हाताचं रक्त घेतलं. स्वच्छ. डाव्या हाताचं घेतलं. स्वच्छ. दोन्ही तळहात भिंगाखाली इंच इंच पाहिले. मग तिला मेंदूदर्शीखाली झोपवलं.

"भाग तोच जागा झालाय," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "पण रक्तात हळहळद्रव्य शून्य आहे."

"यंत्र बिघडलं असेल."

त्याने यंत्र स्वतःवर लावून तपासलं. ठीक होतं. तिच्यावर पुन्हा लावलं.

"पुन्हा बघ," हेमांगी म्हणाली. "एखादा राहिला असेल रे. कुठेतरी पाठीत, पायात. एक तरी असेल."

इरफानने तिसऱ्यांदा पाहिलं. त्याला वेळ लागला, कारण तो अगदी मनापासून शोधत होता, सापडला तर बरं अशा इच्छेने. शेवटी त्याने दिवा बंद केला.

"एकही नाही, मॅडम."

"मग हे कुठून येतंय?"

इरफानने चाचणीचा कागद छापून घेतला, त्यावर आजची तारीख घातली, सही केली, शिक्का मारला आणि तो तिच्या ओल्या हातात दिला.

"हा सोबत न्या," तो म्हणाला. "आता तुम्ही जे सांगाल ते त्यांना लिहून घ्यावंच लागेल."